तिन्हीसांजेची भाजी

असोद्याच्या जीवरामनानांच्या घरी मंदा सून म्हणून आली आणि वर्षभरातच तिच्या हातच्या स्वयंपाकाचं गल्लीत नाव झालं. तिचं माहेर चोपड्याकडचं, सातपुड्याच्या पायथ्याचं. तिकडे पावसाळा लागला की बांधाबांधाला काही ना काही उगवतं आणि बायका ते खुडून आणतात. मंदाला ती सवय होती. संध्याकाळच्या जेवणाला लागोपाठ दोन दिवस एक भाजी करणं तिला जमतच नसे. आज गिलकं, उद्या अंबाडी, परवा शेवग्याच्या शेंगा, मग चवळी, मग गंगाफळ म्हणजे लाल भोपळा. बागेतल्या केळीला पाणी देऊन तिचा नवरा लीलाधर घरी आला की पाय धुता धुता विचारायचा, "आज काय वं?" ती सांगायची नाही. ताटावर बसेपर्यंत त्याला ताटकळत ठेवण्यात तिला मजा वाटायची.

देशाला स्वातंत्र्य मिळून पाच-सहा वर्षं झाली होती, पण गावात वीज यायला अजून अवकाश होता. दिवस मावळला की घराघरात चिमण्या आणि कंदील. नानांचं घर तसं खाऊनपिऊन सुखी. केळीची बाग, कपाशी, दोन बैलजोड्या, गोठ्यात म्हैस. घरात नाना, त्यांची बायको जिला सगळं गाव अक्का म्हणायचं, मुलगा लीलाधर, सून मंदा आणि लग्नाला आलेली मुलगी सुमन.

त्या वर्षी मंदाला दिवस गेले. आणि दिवाळीच्या आगेमागे तिच्या स्वयंपाकाला कोणाची तरी दृष्ट लागावी तसं झालं. रोज वांगं. भरलेलं वांगं, वांग्याचा रस्सा, घोटलेलं वांगं, आणि चंपाषष्ठी झाल्यावर तर एक दिवसाआड भरीत. विहिरीजवळच्या तुकड्यात वांगी मायंदाळ लागली होती हे खरं. नानांना वांगं प्रिय हेही खरं. पण शेवटी नानांनीच एक दिवस भाकरीचा तुकडा हातात धरून विचारलं, "वांगे संपतच नही का वं ते?"

"दिवस राह्यले म्हणून अंगात आळस भरला," अक्का चुलीकडे तोंड करून म्हणाल्या. "आमाले बी राह्यले होते. आम्ही कपाशी वेचत होतो."

मंदा आळशी झाली नव्हती. तिला दिसत नव्हतं.

दिवसा काही नव्हतं. दिवसा सुईत दोरा ओवावा इतकं लख्ख दिसायचं. पण ऊन उतरायला लागलं, गुरं परत यायची वेळ झाली की तिच्या डोळ्यांपुढे कोणीतरी मातीचं पाणी ओतत असल्यासारखं व्हायचं. आधी कोपरे जायचे, मग भिंती, मग माणसं. कंदील लावला तरी कंदीलच तेवढा दिसायचा, पिवळा गोळा टांगल्यासारखा. त्याच्या उजेडात काय आहे ते नाही. सकाळी उठली की सगळं जागच्या जागी.

म्हणून वांगं. वांगं हाताला कळतं. देठाचा काटा बोटाला लागतो, किडकं असलं तर छिद्र लागतं, चिरताना पाण्यात टाकलं की झालं. भरताला तर डोळ्यांचं कामच नाही. कपाशीच्या काड्यांवर टाकायचं, वासावरून कळतं भाजलं की नाही ते. पण पालेभाजी कशी निवडणार? गवत कोणतं, पान कोणतं, सडलेलं कोणतं? माठ-मेथीचं नाव काढलं की ती वांग्याची टोपली पुढे ओढायची.

दुपार कलली की तिचा जीव थाऱ्यावर राहत नसे. उन्हाची तिरीप ओट्यावरून खाली सरकली की ती उठायची. पाणी भरून ठेव, पीठ काढून ठेव, तिखट-मीठ हाताशी ठेव, पुन्हा जाऊन बघ, पुन्हा हलवून ठेव. अक्का ओरडायच्या, "काय वं कोंबडीसारखी फिरू राह्यली? बस ना एका जागी!" तिनं एकदा सगळा स्वयंपाक उजेडीच उरकला, तर नानांनी थंड भाकरी बाजूला सारली. कंदील लवकर लावला, तर अक्कांनी घासलेटाचा हिशेब काढला. मग तिला आणखी एक खोड लागली. वाटेतलं सगळं ती पायानं चाचपायची. कोणी पाट आडवा टाकला की त्याच्यावर धडपडायची आणि म्हणायची, चक्कर आली.

सांगून का टाकलं नाही? तर तिच्या माहेरच्या गावात एक मुलगी होती. तिला सासरी दिसेनासं झालं, तेव्हा सासरच्यांनी तिला बैलगाडीत घालून आणलं आणि बापाच्या दारात उतरवून दिलं. 'आंधळी गळ्यात मारली' म्हणाले. ती मुलगी परत गेलीच नाही. मंदानं ते लहानपणी डोळ्यांनी पाहिलं होतं. आता पोटात लेकरू वाढत होतं आणि तिला रोज संध्याकाळी ती बैलगाडी आठवायची.

लीलाधरचं वेगळंच झालं होतं. एकदा तो जळगावहून तिच्यासाठी गजरा घेऊन आला. अंगणात, अंधारून आल्यावर, कोणी बघत नाहीसं पाहून त्यानं तो पुढे केला. मंदा त्याच्या हाताच्या शेजारून सरळ निघून गेली. त्यानं तो गजरा म्हशीपुढे टाकला आणि दोन दिवस बोलला नाही. मग म्हणाला, "माह्यावर राग असंन तर तोंडानं सांग. रोज वांगे कशाले चारते?"

तिला हसू आलं आणि रडूही. दोन्ही तिनं गिळलं.

मार्गशीर्षाच्या शेवटी एक दिवस पाहुणे आले. सुमनसाठी यावलकडचं एक स्थळ बोलण्यात होतं. मुलाचे वडील रुपचंदभाऊ आणि मुलाची आजी धुरपदाबाई जळगावला काही कामासाठी आले होते. परतीची गाडी चुकली, तेव्हा रुपचंदभाऊ म्हणाले, चला, असोदा हाकेवर आहे, मुलीचं घरही बघून होईल. दुपार उलटून गेल्यावर ते दारात उभे राहिले आणि घरात एकच धांदल उडाली.

"भरीत कर झकास," अक्का मंदाच्या कानाशी म्हणाल्या. मंदाचा जीव भांड्यात पडला. पण तेवढ्यात ओसरीवरून धुरपदाबाईंचा आवाज आला, "बाई, माह्यासाठी काही करू नका. मी काशीले वांगं सोडलं. बाकी काय असंन ते चालीन."

अक्कांनी सुमनला शेताकडे पिटाळलं. सुमन पळत गेली आणि हरभऱ्याच्या कोवळ्या शेंड्यांची ओंजळ-ओंजळ करून टोपली भरून घेऊन आली. तोवर सूर्य केळीच्या पानांआड गेला होता. टोपली मंदाच्या पुढ्यात ठेवून अक्का म्हणाल्या, "हे घे. तुह्या माहेरची भाजी. दाखव आता हात."

मंदानं टोपलीत हात घातला. ओलसर, आंबूस वासाची, बारीक पानं. हिरवं दिसत नव्हतं, काहीच दिसत नव्हतं. सुमनला म्हणावं, तू निवड, तर सुमनला अक्कांनी नऊवारी नेसायला आत नेलं होतं. मंदानं चुलीच्या जाळाशी टोपली ओढली. जाळाच्या उजेडात पानांचा नुसता काळा ढीग दिसला. तिनं बोटांनी कडक काड्या मोडून टाकल्या, भाजी तीन-चारदा पाण्यातून काढली, पुन्हा काढली. लसणाची फोडणी दिली, दाण्याचं कूट घातलं. वास तर छान सुटला.

पुरुषांची पानं ओसरीवर मांडली. धुरपदाबाई वयानं मोठ्या, पाहुण्या, म्हणून त्यांचं पान आतल्या दाराशी, कंदिलाखाली. मंदा वाढत होती. ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, नुकतीच काढलेली. भाजी. कांदा. सगळं बोटांच्या अंदाजानं.

धुरपदाबाईंनी दोन घास खाल्ले आणि थांबल्या. त्यांच्या भाजीत हरभऱ्यावरची हिरवी अळी होती, शिजून वाकडी झालेली. त्यांनी ती बोटानं ताटाच्या कडेला सारली आणि वर भाकरीचा तुकडा ठेवला. समोर बसलेल्या अक्कांनी ते पाहिलं. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला.

धुरपदाबाई मात्र मंदाकडे बघत होत्या. मघाशी तिनं भाकरी ताटात न ठेवता अर्धी ताटाबाहेर ठेवली होती, ते त्यांच्या ध्यानात आलं होतं. त्या म्हणाल्या, "थोडं मीठ दे वं बाई," आणि हात ताटाच्या एका बाजूला लांब धरला. मंदानं चिमूटभर मीठ आणलं आणि ताटाच्या दुसऱ्या बाजूला, रिकाम्या जमिनीवर सोडलं.

धुरपदाबाईंनी अळी सोडून बाकीची सगळी भाजी खाल्ली.

जेवणं झाल्यावर हात धुवायला म्हणून त्या मागच्या अंगणात गेल्या आणि मंदाला पाणी घालायला बोलावलं. मागच्या दारातून कंदिलाचा उजेड अंगणात पडला होता. त्यांनी आपला हात तिच्या तोंडापुढे धरला.

"किती बोटं?"

मंदानं तांब्या कलता केला, पाणी हाताशेजारून खाली पडलं.

"कव्हाधरनं दिसत नही?"

"दिवाळीपासून." आवाज तिचा तिलाच ओळखू आला नाही. "रातचंच. दिवसा दिसतं, आजी. देवाशप्पथ दिसतं."

"कोणाले सांगतलं?"

"कोणालेच नही."

एवढ्यात अक्का तरातरा आल्या. पाहुण्यांपुढे आवाज चढवू नये याचंही त्यांना भान राहिलं नाही. "माह्या पोरीच्या मुळावर उठली का वं तू? अळ्या चारते पाहुण्यांले? डोये फुटले का तुहे?"

"फुटलेच हायेत," धुरपदाबाई म्हणाल्या. "सांज झाली की तिले दिसत नही. तुमच्या घरात दोन महिने ती आंधळ्यासारखी राबू राह्यली. तुमाले ठाऊक हाये?"

अक्का थबकल्या. त्यांनी मंदाकडे पाहिलं. मंदानं मान खाली घातली होती आणि तिच्या हातातल्या तांब्यातलं पाणी तिच्याच पायांवर सांडत होतं.

धुरपदाबाई घरात आल्या आणि सरळ चुलीपाशी जाऊन त्यांनी भाजीच्या पातेल्यावरचं झाकण उचललं. पातेलं खरवडलेलं होतं. हरभऱ्याचा पाला टोपलीभर असला तरी शिजून मूठभर होतो, आणि ती मूठ पाहुण्यांच्या आणि पुरुषांच्या ताटात गेली होती. बायकांसाठी भाकरी होती, मिरचीचा ठेचा होता.

"आता तू काय खाशीन?" त्यांनी मंदाला विचारलं.

"हे काय, आहे ना. भाकर."

"आणि काल?"

मंदाला आठवेना. वांग्याचा रस्सा असेल, उरला असेल तर. आणि त्याच्या आधी, ती रोज नवी भाजी करायची तेव्हा? तेव्हाही तेच. गिलकं, अंबाडी, चवळी, सगळं तिनं रांधलं होतं आणि वाढलं होतं. पातेल्याचा तळ पुसून खाल्लेला तेवढा तिच्या वाट्याला आला होता. याच्याकडे तिनं कधी पाहिलंच नव्हतं. भाजी अशीच संपायची असते असं ती माहेरापासून पाहत आली होती.

सकाळी निघताना रुपचंदभाऊंनी नानांपुढे स्थळाचा विषय काढला, तेव्हा धुरपदाबाई मध्ये बोलल्या. "पोरगी चांगली हाये, जीवरामभाऊ. अळीचं मले काही नही, पाल्यात अळी असतेच. पण ज्या घरात सुनेचे डोये जातात नि कोणाच्या ध्यानात येत नही, तठची पोरगी आमच्या घरी काय शिकून येईन, ते मले कळू द्या. शिमग्याच्या सुमाराले मी येईन. सांजचीच येईन."

त्या दिवशी नाना दिवसभर ओसरीवर बसून राहिले. कोणी त्यांना असं घरात येऊन सुनावलं नव्हतं. अक्का मंदाशी बोलल्या नाहीत. लीलाधर मात्र गाडी जुंपून आला आणि म्हणाला, "चाल." वाटेत बराच वेळ तो बैलांच्या पाठीकडे बघत होता. मग एकदम म्हणाला, "त्या दिशी गजरा दिसलाच नही का तुले?"

"कोणता गजरा?" मंदानं विचारलं.

दगडधोंड्यातून गाडी जाताना त्यानं बैल हळू घेतले.

जळगावच्या डॉक्टरांनी तिचे डोळे पाहिले, पापणी खाली ओढून पाहिली, काय जेवता विचारलं. मग खुर्चीत मागे टेकून म्हणाले, "रातांधळेपणा आहे. पोटात मूल असलं की कधीकधी होतो. अंगात जे साठलेलं असतं ते बाळ ओढून घेतं. घाबरू नका, बरा होतो. रोज पालेभाजी खायची. शेवग्याचा पाला, मेथी, गाजर, लाल भोपळा, दूध, लोणी. आज एक, उद्या दुसरी. आणि यांनी खायची बरं का, यांनी, घरानं नव्हे." मग जरा थांबून म्हणाले, "तेलाची बाटली दिली तर लवकर गुण येईल. पण ते माशाचं असतं. तुमच्याकडे चालणार नाही बहुतेक."

लीलाधर घुटमळला. नानांच्या गळ्यात माळ होती. घरात अंडंसुद्धा कधी आलं नव्हतं.

"द्या," मंदा म्हणाली.

परक्या पुरुषापुढे, नवऱ्याच्या आधी ती पहिल्यांदाच बोलली होती. लीलाधरनं तिच्याकडे पाहिलं आणि बाटली घेतली.

ती बाटली घरात यायची नाही, असं अक्कांनी सांगितलं. लीलाधरनं ती गोठ्याच्या कोनाड्यात ठेवली. रोज सकाळी मंदा म्हशीपाशी उभी राहून नाक दाबून एक चमचा घ्यायची, वर गुळाचा खडा खायची. नाना त्या वेळी गोठ्याकडे पाठ करून बसायचे. त्यांना ठाऊक होतं आणि ठाऊक नव्हतंही.

संध्याकाळची भाजी आता सुमन आणायची. टोपली घेऊन ती उजेड असतानाच बांध पालथे घालायची. शेजारच्यांच्या मळ्यातून मेथी, कोणाच्या परसातून चाकवत, देवळामागच्या झाडाचा शेवग्याचा पाला. लीलाधर जळगावच्या बाजारातून गाजरं आणायचा. निवडायचं काम मंदा दुपारीच करून ठेवायची. गंगाफळ आलं त्या दिवशी नानांनी ताटाकडे पाहून "हे बायकांचं खाणं" असं म्हटलं. शेवग्याच्या पाल्याला त्यांनी "शेळ्यांचं खाणं" म्हटलं. चाकवताला मात्र काही म्हणाले नाहीत, ते त्यांना आवडलं असावं.

पहिल्या दिवशी अक्कांनी मंदाचं ताट तिच्यापुढे आदळलं. "खा. माह्या पोरीच्या लग्नासाठी तरी खा."

मंदानं सगळे बसायच्या आधी, उजेडी, एकटीनं जेवायचं, आणि समोर सासू पहारा दिल्यासारखी बसलेली. खाल्लं की लाज वाटायची, नाही खाल्लं तर भीती. रोज संध्याकाळी ती दाराच्या चौकटीला धरून उभी राहायची आणि वाट बघायची, आज अंधार किती वेळानं येतो. एखाद्या दिवशी वाटायचं, आज गोठा जरा जास्त वेळ दिसला. दुसऱ्या दिवशी वाटायचं, नाही, भासच तो. रात्री आडवी झाली की पोटातलं लेकरू फिरायचं आणि तिच्या मनात एकच प्रश्न यायचा. आपलं ठीक आहे, पण याचे डोळे?

मग एक दिवस असं झालं. मेथी कमी मिळाली होती. नाना शेतातून भुकेले आले. मंदाचं जेवण त्या दिवशी मागे पडलं होतं, कारण दुपारभर तिची पाठ दुखत होती. नानांनी पहिली भाजी संपवली आणि नेहमीप्रमाणे ताट पुढे केलं. "आण आणखी."

अक्कांनी पातेल्यात डाव घातला. तो अर्धा वर आला आणि तिथेच थांबला. त्यांनी डाव परत पातेल्यात ठेवला आणि झाकण लावलं.

"हे तिचं हाये," त्या म्हणाल्या.

इतक्या वर्षांच्या संसारात नानांचं ताट पुढे आलं आणि रिकामं मागे गेलं असं कधीच झालं नव्हतं. लीलाधर घास हातात धरून बसला. सुमननं डोळे मिटून घेतले. मंदा भिंतीला टेकून उभी होती. तिला नानांचा चेहरा दिसत नव्हता आणि त्यामुळे तिला जास्तच भीती वाटत होती.

नानांनी ताट मागे ओढलं. मग म्हणाले, "मंग चटणी तरी दे."

अक्कांनी चटणी वाढली. मग उठून मंदाचं ताट केलं, तिथंच, पुरुष जेवत असताना, आणि तिचा दंड धरून तिला पाटावर बसवलं. त्यांचा हात थंड होता. "भिऊ नको," त्या पुटपुटल्या. "मी पाह्यते काय म्हनतात ते." त्या दिवशी त्यांनी सुमनच्या लग्नाचं नाव काढलं नाही. त्यानंतरही कधी काढलं नाही.

नजर अशी एका दिवसात परत आली नाही. अंधार रोज थोडा उशिरा यायला लागला एवढंच. मंदाला खात्री वाटली ती एका साध्या गोष्टीवरून. तिन्हीसांजेला ती अंगणात बसली होती आणि गोठ्यातून बाहेर येणाऱ्या लीलाधरच्या सदऱ्याचं वरचं बटण तुटलेलं तिला दिसलं. तिनं काही न बोलता सुई-दोरा आणला. तो उभा राहिला आणि तिनं तिथंच, उरल्यासुरल्या उजेडात, बटण लावून दिलं. दोरा दातानं तोडताना तिला एकदम हुंदका आला. लीलाधर गोंधळून म्हणाला, "बोटाले टोचलं का?"

शिमग्याच्या आदल्या आठवड्यात धुरपदाबाई आल्या, सांगितल्याप्रमाणे संध्याकाळच्याच. मंदाचे दिवस भरत आले होते. तिनं कंदिलाच्या उजेडात भाकऱ्या थापल्या, पोकळ्याची भाजी आणि गिलक्याचा रस्सा केला, आणि मीठ त्यांनी मागितलं नाही तरी त्यांच्या ताटात बरोबर जागेवर वाढलं. धुरपदाबाई नुसत्या हसल्या. सगळी पानं एकाच वेळी मांडलेली होती, एका बाजूला पुरुष, एका बाजूला बायका, आणि भाजीची दोन पातेली मध्ये. नाना जरा अवघडून बसले होते, पण बसले होते.

"बरं झालं," धुरपदाबाई म्हणाल्या. "आता रुपचंदले सांगते. तुमची पोरगी आमची."

अक्कांनी पदरानं डोळे टिपले. नानांनी खाकरून काही बोलायला तोंड उघडलं. पण त्यांच्या आधी सुमन बोलली. इतके दिवस बांधाबांधानं हिंडून तिचा रंग रापला होता आणि जीभही सुटली होती.

"आजी," ती म्हणाली, "तुमच्या घरी सुना कव्हा जेवतात?"

"सुमन!" अक्का दचकून ओरडल्या.

धुरपदाबाईंचा घास हातातच राहिला. त्या सुमनकडे पाहत राहिल्या, मग मंदाकडे, मग आपल्या ताटाकडे. मंदाला वाटलं, संपलं, गेलं स्थळ.

"सगळ्यांच्या मांगून," धुरपदाबाई सावकाश म्हणाल्या. "खोटं कशाले सांगू? दोन सुना हायेत मले. काय खातात, मी बी कव्हा पाह्यलं नही. इथं येऊन तुमाले शिकवून गेली, पण घरी जाऊन झाकण उचललं नही." त्यांनी घास ताटात ठेवला. "आता जाऊन पाह्यते. मंग ये तू. तोवर नको येऊ."

लग्न त्या वैशाखात झालं नाही. नाना चिडले, रुपचंदभाऊ त्याहून चिडले. पण धुरपदाबाईंनी 'आता ये' असा सुमनला निरोप पाठवला आणि दिवाळीनंतर तुळशीचं लग्न होऊन गेल्यावर सुमनचं लग्न झालं. ती नांदायला गेली. तिकडून येणाऱ्या माणसांबरोबर ती नेहमी काहीतरी पाल्याची जुडी पाठवायची, आणि वाटेत ती हमखास सुकून जायची.

मंदाला मुलगी झाली होती. डॉक्टरांनी मुलीचे डोळे ठीक आहेत असं सांगितलं तरी मंदाचा विश्वास बसत नसे. सुमन गेल्यावर टोपली घेऊन बांधावर जायचं काम तिच्याकडे आलं. एका संध्याकाळी मुलीला अक्कांकडे देऊन ती निघाली, तेव्हा अक्का म्हणाल्या, "लवकर ये वं, दिवस बुडते."

"येते," ती म्हणाली.

बांधावर घोळ उगवली होती, मळ्याच्या कडेला चवळीचे कोवळे शेंडे होते. आज काय करावं हे तिचं ठरत नव्हतं. तिनं थोडं हे खुडलं, थोडं ते. सूर्य गेला, केळीची पानं काळी झाली, गावाकडे धूर दिसायला लागला. तिच्या पायांना सवयीनं घराची ओढ लागली. ती उभी राहिली. पान दिसत होतं, पानावरची शीर दिसत होती. ती पुन्हा खाली वाकली आणि आणखी थोडा पाला खुडायला लागली.